चौदा अंशांचा उतार

आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात कॉलेजला तिच्याबद्दलचं प्रेम एकदम उफाळून आलं. जिवंत होती तेव्हा भूगोल विभागातल्या तिच्या खोलीचा पंखा दोन उन्हाळे बंद होता आणि तिच्या अर्जांना कुणी भीक घातली नव्हती. आता मात्र तिचं शेवटचं संशोधन कॉलेज स्वतःच्या खर्चानं छापणार होतं आणि इमारतीमागच्या टेकडीवर जाणाऱ्या वाटेला तिचं नाव देणार होतं. पाटीचा नमुनाही तयार होता. हिरव्यावर पांढरी अक्षरं, आणि कोपऱ्यात हसरा सूर्य.

"सूर्य कशाला?" लेकीनं विचारलं.

"प्रसन्न वाटतं," भूगोलाचे विभागप्रमुख म्हणाले.

मुलं त्यांना पाठीमागं 'पठार' म्हणत. टक्कल हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे त्यांचं बोलणं. तासभर बोलले तरी त्यात चढ नाही की उतार नाही. माणूस वाईट नव्हता. आईच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत त्यांनी उभी नोकरी काढली होती, आणि तिच्या शेवटच्या आजारात दवाखान्याच्या बाकावर ते एक शब्द न बोलता संध्याकाळच्या संध्याकाळ बसून राहायचे. म्हणून तर त्यांच्याशी भांडणं जड जात होतं.

"सगळं ठरलंय बघ," पठार म्हणाले. "एकच अडचण आहे. पान चारवरचा तो परिच्छेद."

लेकीला तो परिच्छेद पाठ होता. या अभ्यासातल्या सहभागींपैकी सतरावी मी स्वतः आहे, असं आईनं लिहिलं होतं. मला गेली अनेक वर्षं नैराश्याचा आजार आहे. त्यावर मी औषधं घेते, औषधं घेत शिकवते, आणि वाईट दिवशीही हा उतार चढते. माझे निष्कर्ष पारखताना वाचकांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी, म्हणून ती इथं नोंदवते.

चार वाक्यं. एरवी ती दगडांबद्दल लिहायची, तसंच स्वतःबद्दल लिहिलं होतं. रंग, पोत, कुठं सापडला. संपलं.

"तेवढा परिच्छेद काढायचा," पठार म्हणाले. "आकड्यांतून सतरावा क्रमांक काढायचा. आणि शेवटचा निष्कर्ष जरा..." त्यांनी पंजा हवेत सपाट फिरवला. "जरा आशादायक करायचा. पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येतेय. मानसिक आरोग्यासाठी कॉलेजनं काय केलं, हे त्यांना दाखवावं लागतं. तुझ्या आईचं काम आयतं आहे आपल्याकडं."

"आयतं," लेक म्हणाली.

"शब्दात पकडू नकोस गं."

लेक मानसशास्त्र विभागात संख्याशास्त्र शिकवायची, तेही करारावर, दरवर्षी नव्यानं सही करून. या संशोधनात तिला आईनंच ओढलं होतं. "तू माणसांची डोकी मोजतेस, मी टेकड्या मोजते," आई म्हणाली होती. "एकदा दोन्ही एकत्र मोजू. फार तर काय होईल, दोघींचे विभाग आपल्याला वाळीत टाकतील." झालंही साधारण तसंच. भूगोलवाले म्हणाले हे मानसशास्त्र आहे, मानसशास्त्रवाले म्हणाले हा भूगोल आहे, आणि पैसे मागितले तेव्हा दोघंही म्हणाले की हे शिक्षणशास्त्र दिसतंय.

गोष्ट साधी होती. कॉलेज टेकडीच्या पायथ्याशी होतं आणि हवामानाच्या नोंदी घ्यायची जागा माथ्यावर. पांढरी जाळीदार पेटी, आत तापमापक, शेजारी पर्जन्यमापक. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला प्रात्यक्षिकासाठी वर जावंच लागे. आईला तिच्या खिडकीतून पायथा दिसायचा. तिच्या लक्षात आलं होतं की दम्याची मुलं थांबत थांबत का होईना वर जातात, आणि काही धडधाकट मुलं पायथ्याशी येतात, वर बघतात आणि परत फिरतात. तीच मुलं मग तासांना येईनाशी होतात. नंतर कॉलेजलाच.

"त्यांना वर काय दिसतं?" आईनं एकदा जेवताना विचारलं होतं. "आपल्याला दिसते तीच टेकडी दिसते का?"

तिथून पुढचं सगळं सुरू झालं. कमरेएवढ्या, तीन पायांच्या तिकाटण्यावर आईनं बिजागरीनं एक फळी बसवली. मुलानं उताराकडं बघायचं, हाताकडं नाही, आणि समोरचा उतार जेवढा उभा वाटतो तेवढी फळी तळव्यानं कलवायची. जोडीदारानं मागून कोन वाचायचा. मग उतारमापकानं खरा कोन मोजायचा. आठवड्यातून दोनदा, सत्रभर, तोच उतार. दर वेळी मनःस्थितीबद्दल लेकीनं तयार केलेले थोडे प्रश्न.

खरा उतार चौदा अंशांचा. चौदा कुणीच दाखवत नाही, माणसाचा डोळा उतार फुगवूनच बघतो. खुशालचेंडू मुलं पंचवीसच्या आसपास फळी कलवायची. ज्यांचे प्रश्नांचे आकडे वाईट होते, त्यांची फळी चाळीसवर जायची, कधी त्याच्याही वर. आई स्वतः रांगेत उभी राहायची. एखाद्या सकाळी तिची फळी सगळ्यांच्या वर जायची आणि मागून कोन वाचणारी मुलगी बावरून म्हणायची, "मॅडम, तुमचा अठ्ठेचाळीस आलाय." आई म्हणायची, "लिही. आज भिंतच आहे बाई." आणि पिशवी खांद्याला लावून चढायला लागायची.

आईची एक ठाम समजूत होती, आणि ती चुकीची निघाली. तिला वाटायचं की खरा कोन आपल्या हातानं पुरेशा वेळा मोजला की डोळा सुधारतो. सत्र संपेपर्यंत मुलांना उतार कमी उभा दिसायला लागेल आणि मन हलकं होईल. आयुष्यभर दगडमाती मोजणाऱ्या माणसानंच करावी अशी ही चूक. मोजलं की भीती जाते, हा त्यांचा धर्म. सत्राअखेर आकडे आले. खुशाल मुलांचा अंदाज सुधारला. बुडालेल्या मुलांचा अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात चाळीस, शेवटच्या आठवड्यात चाळीस. पण एक वेगळीच गोष्ट दिसली. आधीच्या वर्षांत अशी मुलं निम्म्याहून जास्त गळायची. या वर्षी बहुतेक टिकली. आईनं कागदावर लिहिलं: उतार त्यांना शेवटपर्यंत तेवढाच उभा दिसला. तरी ती चढत राहिली. कारण आम्हाला ठाऊक नाही. कोन वाचायला पायथ्याशी कुणीतरी थांबलेलं असणं, हे एक कारण असू शकेल.

पठारांनी सुचवलेला आशादायक निष्कर्ष असा होता: नियमित चढाईमुळे विद्यार्थ्यांमधील नैराश्य कमी होते.

"हे खोटं आहे, सर," लेक म्हणाली.

"खोटं नाही. सोपं केलंय."

"मला दोन दिवस द्या."

"गुरुवारी बैठक आहे. प्राचार्यांसमोर तमाशा नको, एवढंच."

*

मामाचं औषधांचं दुकान कॉलेजपासून दोन चौक सोडून होतं. आईचा धाकटा भाऊ. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोहोचली होती, कारण प्राचार्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याकडूनच जायच्या.

"ये," तो गल्ल्यामागून म्हणाला. "बस त्या खोक्यावर. फुटणार नाही, कापूस आहे. ऐकलं मी. कॉलेजवाले एवढं चांगलं करतायत आणि तू आडवी पडलीस म्हणे."

"मी उभीच आहे अजून."

"तोंड आईचंच घेतलंस." त्यानं एका गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली दिली, दिवसातून किती वेळा ते सांगितलं, सुट्टे परत केले आणि आवाज खाली आणला. "इतकी वर्षं तिच्या गोळ्या मी वेष्टनं काढून साध्या पाकिटात घालून दिल्या. दुकानातल्या पोरालाही कळू दिलं नाही. कशासाठी? तू आता ते छापून वाटणार?"

"मी नाही छापत. तिनं लिहिलंय."

"ती लिहीलच! लहानपणी पडली की गुडघा झाकायची नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत फिरायची. आमची आई धपाटा घालायची तेव्हा आत जायची." हसू त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. "हे बघ. लोक काय म्हणतील, मी सांगतो. बाईला डोक्याचा आजार होता. बाई गेली. दोन आणि दोन पाच. यकृतात काय झालं होतं, किती दिवस दवाखान्यात होती, कोण विचारणार आहे? सगळे म्हणतील हिनं स्वतःचं काहीतरी करून घेतलं."

हे लेकीला सुचलं नव्हतं असं नाही. पण मामाच्या तोंडून, गोळ्यांच्या फळ्यांसमोर ऐकल्यावर ते खरंच घडेल असं वाटायला लागलं.

"एकदा का लोकांनी तसं धरलं," मामा म्हणाला, "की तुझ्या हातात काही राहत नाही. मेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही."

"तिला कधी विचारलंस का तू, लपवायचंय का म्हणून?"

"त्यात विचारायचं काय?" मामा खरंच चकित झाला. "असल्या गोष्टी विचारतात का?"

घरी त्या आजाराला कधी नाव नव्हतं. 'आईचं डोकं दुखतंय', एवढंच. लहानपणी लेक शाळेतून यायची तेव्हा कधीकधी आई भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. दार हळू लावायचं, रेडिओ लावायचा नाही, हे कुणी न सांगता कळायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई साडीला टाचणी लावून, ओठ घट्ट मिटून, नदीच्या वळणांचे तक्ते काखोटीला मारून बाहेर पडायची. डोकं थांबलं का, असं एकदा लेकीनं विचारलं होतं. आई म्हणाली होती, "नाही. पण पहिल्या तासाला मुलं बसलेली असतात."

मामानं गल्ला बंद केला. "काढून टाक तो परिच्छेद. माझं ऐक. तिच्यासाठी."

लेक खोक्यावरून उठली. मामाच्या म्हणण्यात खोट नव्हती, आणि हेच फार छळत होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या तासाला तिनं विभागातल्या संगणकावर सतरावा क्रमांक वगळून सगळी आकडेमोड पुन्हा केली. मनात एक बारीकशी आशा होती. आईचे आकडे काढले की निष्कर्ष डळमळेल, आणि मग बैठकीत ठासून सांगता येईल की बघा, तिच्याशिवाय हे उभंच राहत नाही.

काही झालं नाही. सरासरी दशांशापुढं किंचित हलली. आलेखाची रेघ होती तिथंच राहिली. आई होती तेव्हाचा निष्कर्ष आणि आई नसतानाचा निष्कर्ष एकावर एक ठेवले तर झाकले जात होते.

ती पडद्याकडं बघत बसली. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाई उत्तरपत्रिका तपासत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "आलं का हवं ते?"

"नाही."

"येत नाही तेव्हा सोडून द्यावं. मी नवऱ्याच्या बाबतीत तेच केलं."

एरवी लेक हसली असती. तिला वाटून गेलं, खरंच सोडून द्यावं. छापू देत. वाटेला नाव लागेल. मामा नीट झोपेल. करारही वाढेल. चार वाक्यं तर काढायचीत.

मग तिनं सहज, बघायचं म्हणून, सतराव्या क्रमांकाची प्रश्नांची उत्तरं उघडली. हे आकडे तिनं आधी शंभरदा पाहिले होते, पण इतरांच्या आकड्यांच्या गर्दीत. एकटे असे पाहिले नव्हते. बराच वेळ ती त्यांतलं एकच उत्तर बघत राहिली. नंतर संगणक बंद केला आणि सहकारी बाईंना म्हणाली, "चहा घेणार का? मी आणते."

*

गुरुवारी प्राचार्यांच्या खोलीत चौघं होती. प्राचार्य, पठार, कॉलेजच्या समुपदेशक बाई आणि ती. टेबलावर पाटीचा नमुना उभा करून ठेवला होता. सूर्य सगळ्यांकडं बघून हसत होता.

"मॅडम," प्राचार्यांनी सुरुवात केली, "आधी एक सांगतो. तुमच्या आईंबद्दल या खोलीत प्रत्येकाला नितांत आदर आहे."

"अशी सुरुवात ऐकली की मला धडकी भरते, सर."

समुपदेशक बाईंना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

"आदर आहे म्हणूनच म्हणतोय," प्राचार्य पुढं म्हणाले. "बाईंच्या खासगी आयुष्यातली गोष्ट जगजाहीर व्हावी, हे आम्हाला पटत नाही. पालक वाचतील. विचारतील, अशा व्यक्तीबरोबर आमची मुलं तुम्ही डोंगरावर पाठवत होता?"

"पाठवत होता आणि सगळी धडधाकट परत येत होती. हे उत्तर द्यायला काय हरकत आहे?"

"उत्तरं द्यायची वेळच कशाला आणायची?"

समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं. "सहभागी व्यक्तीची ओळख उघड करायची नाही, हा तर तुमच्याच संशोधनाचा नियम आहे ना?"

"हो. तो सहभागीच्या रक्षणासाठी आहे. तिनं तो हक्क स्वतः सोडला. संमतिपत्रावर तसं लिहून सही केलीय, साक्षीदारासमोर. साक्षीदार हे सर आहेत."

सगळ्यांनी पठारांकडं बघितलं.

"मी ते वाचलं नव्हतं," पठार म्हणाले. "म्हणजे नीट. ती म्हणाली सही कर. मी केली. तिच्याशी वाद कोण घालणार?"

"अहो, काय हे," प्राचार्य म्हणाले.

"अभ्यासातून माघार फक्त सहभागी व्यक्ती घेऊ शकते," लेक म्हणाली. "कधीही, कारण न देता. आईनं घेतली नाही. आता तिला घेता येत नाही. तिच्या वतीनं कॉलेजला घेता येत नाही, तिच्या भावाला येत नाही आणि मलाही येत नाही."

"हे झालं नियमाचं," समुपदेशक बाई म्हणाल्या. "माझी अडचण वेगळी आहे. उद्या माझ्याकडं येणारं एखादं मूल हे वाचेल. म्हणेल, एवढं शिकलेल्या बाई, इतकी वर्षं औषधं घेऊन त्यांनाही उतार तेवढाच दिसत होता. मग कशाला जायचं कुठं? त्याला मी काय सांगू? मला खरंच हवंय उत्तर. तुम्हाला अडवायला विचारत नाही."

लेकीनं पाटीवरच्या सूर्याकडं बघितलं. 

"त्या मुलाला उतार आत्ताही तेवढाच दिसतोय," ती म्हणाली. "आपण सूर्य लावून त्याला सांगणार, चढ, बरं वाटेल. ते बिचारं चढेल. बरं वाटणार नाही. मग ते असं नाही म्हणणार की पाटी चुकली. ते म्हणेल, सगळ्यांना बरं वाटतं, खोट माझ्यातच आहे. त्यापेक्षा त्याला हे कळलेलं काय वाईट, की एका बाईला कितीतरी सकाळी भिंत दिसायची आणि ती शिकवायला वर जायची?"

समुपदेशक बाईंनी वहीत काहीतरी खरडलं, खोडलं. "माझी हरकत राहू द्या," त्या प्राचार्यांना म्हणाल्या. "पण होती त्याच्या निम्मी लिहा."

"निम्मी हरकत कशी लिहितात?" प्राचार्य वैतागले. ते लेकीकडं वळले. "मॅडम, व्यवहाराचं बोलू. आकड्यांतून त्यांना काढलं तर निष्कर्ष बदलतो का?"

"नाही."

"तुम्ही स्वतः करून बघितलंत?"

"हो."

"काहीच फरक पडत नाही?"

"काहीच नाही."

"घ्या," पठार म्हणाले. त्यांच्या सपाट आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "मग अडलंय कुठं गं? इतक्यांतली एक. ती नसली तरी काही फरक पडत नाही."

लेक पठारांकडं वळली.

"सर," लेक म्हणाली, "आम्ही मुलांना जे प्रश्न द्यायचो ना, त्यांत एक वाक्य होतं. 'मी नसलो तरी कुणाला काही फरक पडणार नाही.' हे किती पटतं, ते एक ते पाचमध्ये लिहायचं. पायथ्यावरून परत जाणारी मुलं चार लिहायची, पाच लिहायची." तिनं पाण्याचा पेला पुढं ओढला, पण उचलला नाही. "आईनं ज्या दिवशी फळी अठ्ठेचाळीसवर कलवली, त्या दिवशी पाच लिहिलंय. तेच वाक्य आता कॉलेजनं तिच्याबद्दल म्हणायचं, तेही आकडेमोड करून, आणि खाली मी सही करायची. मी करणार नाही."

पठारांनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरून बसले.

"तुमच्या भावना समजू शकतो," प्राचार्य म्हणाले.

"भावना नाहीत सर या. संशोधनाची पद्धत आहे. गैरसोयीची माणसं काढून टाकली की निष्कर्ष नेहमी प्रसन्न येतो."

"ठीक आहे." प्राचार्यांनी समोरचे कागद एकत्र करून टेबलावर आपटून सारखे केले. "तर मग कॉलेज हे छापणार नाही. वाटेच्या नावाचाही फेरविचार करावा लागेल. आणि मॅडम, पुढच्या सत्राच्या नेमणुका माझ्या टेबलावरून जातात, हे मी मुद्दाम सांगायची गरज नाही."

"तुम्ही आत्ता सांगितलंत, सर."

समुपदेशक बाईंना पुन्हा खोकला आला.

लेक उठली.  "वाटेला नाव नका देऊ," ती म्हणाली. "तिला ते आवडलंच नसतं, वाट तिनं केलेली नाही. पण पाटी लावणारच असाल तर तिच्यावर उताराचा कोन लिहा. चौदा अंश. तेवढं तरी खरं राहील."

व्हरांड्यात पठारांनी तिला गाठलं. त्यांना धाप लागली होती.

"साक्षीदार आहे म्हणालीस मी."

"आहात."

"संमतिपत्राची प्रत आहे तुझ्याजवळ?"

तिनं पिशवीतून काढून दिली. पठार खिडकीच्या उजेडाला गेले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ती जिन्याकडं वळली तरी ते वाचतच होते.

*

त्याच दुपारी तिनं लेख एका संशोधनपत्रिकेकडं पाठवून दिला. पहिलं नाव आईचं, दुसरं तिचं, पान चार जसंच्या तसं. पत्रिका छापेल की नाही, देवाला ठाऊक. तिथंही कुणी पठार असणारच.

संध्याकाळी मामाचा फोन आला. प्राचार्यांच्या गोळ्या संपलेल्या दिसत होत्या.

"झालं समाधान? नोकरी घालवलीस?"

"अजून नाही घालवली. धमकी आलीय नुसती."

"आणि ते पाठवलंस?"

"पाठवलं."

मामाचा आवाज खाली आला. "त्यात माझं नाव नाही ना कुठं?"

"नाव नाही. आभारात आहेस तू."

"मी? मी काय केलं?"

"वाचू? 'माझी औषधं आणि माझं गुपित, दोन्ही इतकी वर्षं नियमितपणे सांभाळणाऱ्या धाकट्या भावाचे आभार. यापुढं त्याला गुपिताचं ओझं नको.'"

पलीकडं कुणीतरी दुकानात आलं, काहीतरी मागितलं.  गिऱ्हाईक पुन्हा विचारताना ऐकू आलं.

"काढ ते," शेवटी मामा म्हणाला.

"नाही काढणार."

"हट्टी. दोघीही." त्यानं नाक ओढलं. "'नियमितपणे' मात्र बरोबर लिहिलंय. एक दिवस चुकला नाही माझा." मग तो फोनवरून तोंड बाजूला करून गिऱ्हाइकावर खेकसला, "देतो हो! कळतंय मला डोकेदुखी आहे ते!"

*

दुसऱ्या दिवशी पहिला तास संख्याशास्त्राचा होता. दुसऱ्या वर्षाचा वर्ग. निम्मे अर्धवट झोपेत, मागच्या बाकावर कुणीतरी केळं खात होतं. शिकवायची होती सरासरी, आणि सरासरीपासून फार लांब पडलेल्या आकड्याचं काय करायचं ते. पुस्तकात यासाठी बटाट्यांच्या वजनाचं उदाहरण दिलेलं होतं.

तिनं खडू घेतला आणि फळ्यावर त्या एका सकाळचे उताराचे अंदाज लिहायला सुरुवात केली. सव्वीस, एकतीस, चोवीस, अडतीस, बावीस. लिहीत गेली. शेवटी अठ्ठेचाळीस.

"हे आपल्या मागच्या टेकडीचे आकडे आहेत," ती म्हणाली. "पहिल्या वर्षाच्या मुलांनी दिलेले. खरा उतार चौदा अंश."

"अठ्ठेचाळीसवाला आंधळा होता का, मॅडम?" मधल्या रांगेतून कुणीतरी विचारलं. वर्ग हसला.

"आंधळा नाही. ती माझी आई होती," लेक म्हणाली. "तुमच्यातल्या काहींना तिनं भूगोल शिकवलाय. तिला नैराश्याचा आजार होता. वाईट दिवशी तिला उतार एवढा दिसायचा." हे वाक्य चारचौघांत ती पहिल्यांदाच बोलत होती. आवाज फाटला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "ती गेली ती यकृताच्या आजारानं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मिसळू नका. आता सरासरी काढा."

विचारणारा मुलगा लालबुंद झाला होता. केळं खाणं थांबलं.  मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं वही उघडली, आणि हळूहळू सगळ्या वर्गातून पानं उलटल्याचा आवाज यायला लागला.

"मॅडम," तीच मुलगी म्हणाली, "अठ्ठेचाळीस धरून की वगळून?"

"दोन्ही करून बघा."

मुलांनी खाली माना घातल्या. फळ्यावर मोजकेच आकडे असल्यानं फरक दिसत होता, पण फार नाही. ज्यांचं आधी झालं त्यांनी ओरडून सांगितलं.

"सगळ्या सत्राचे आकडे घेतले तर एवढाही पडत नाही," ती म्हणाली. "मी काढून पाहिलंय. मग सांगा, वगळायचा की ठेवायचा?"

मागच्या बाकावरचा केळंवाला जांभई आवरत म्हणाला, "फरक पडत नाही तर वगळायची मेहनत कशाला करायची, मॅडम? असू द्या की."

वर्गात हशा पिकला. लेकही हसली, आणि हसता हसता तिला फळ्याकडं तोंड करावं लागलं. डोळे कोरडे व्हायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात तिनं अठ्ठेचाळीसच्या पुढं स्वल्पविराम दिला.

"चला," ती वर्गाकडं वळून म्हणाली. "त्याच्या पुढच्या आठवड्याचे आकडे. लिहून घ्या."